बंद पडलेला फाटा पुन्हा जोडायचा, म्हणून चालू स्टेशन बंद करायचं?

रुळांकित

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक नकाशा इथे मांडतो. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव आलं की तिसऱ्या प्रतिसादापासून धागा अस्मितेवर जातो आणि रूळ बाजूला राहतात.

तर नकाशा असा. मुख्य मार्ग पश्चिमेकडून येतो आणि गावाच्या मध्यावरच्या स्टेशनात संपतो. पुढे बफर, म्हणजे रूळ संपतात तिथला अडथळा, बफरमागे भिंत, भिंतीपलीकडे रस्ता. स्टेशनच्या अलीकडे १.४ किमीवर उत्तरेला एक फाटा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारी लाइन, जायचा. तो बंद होऊन तीसेक वर्षं झाली. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) उचलून नेले, भराव आणि बरेचसे पूल मात्र जागेवर आहेत. फाट्याचं वळण गावाकडे तोंड करून होतं, म्हणजे उत्तरेची गाडी सरळ स्टेशनात शिरायची. तिला पुढे पश्चिमेला जायचं असेल तर स्टेशनात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं.

आता फाटा परत जोडायची चर्चा आहे. त्यात एक कल्पना अशी की जुनं वळण जोडूच नये. त्रिकोणाची तिसरी बाजू, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करणारी कॉर्ड लाइन नव्याने टाकावी, त्या कॉर्डवरच नवं स्टेशन बांधावं आणि गावातलं स्टेशन कायमचं बंद करावं. इंजिन फिरवणं वाचेल, वीसेक मिनिटं वाचतील, गावातली फाटकं जातील, जागा मोकळी होईल.

कागदावर मला हे पटतंय. सत्तर टक्के बाजूने आहे म्हणा. उरलेल्या तीस टक्क्यांसाठी हा धागा.

झुकझुक

पहिला! जागा धरून ठेवतो. खडीकाम काका आले की सावकाश वाचेन.

सांधेवाला

नमस्कार. मी नोकरीची बरीच वर्षं सांध्यांवर काढली, त्यामुळे इंजिन फिरवण्याबद्दल अधिकाराने बोलू शकतो. बाकी नकाशे वगैरे तुम्ही तरुण मंडळी बघा.

ती वीस मिनिटं कशात जातात ते सांगतो. गाडी थांबली की आधी इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधले हवेच्या नळ्यांचे कॉक बंद करायचे. विसरलात तर नळी सुटताना असा फटका बसतो की आयुष्यभर विसरणार नाही. मग नळ्या सोडायच्या, कपलिंग सोडायचं, इंजिन पुढे काढायचं. पुढचा सांधा बदलून ते शेजारच्या लूपवरून, म्हणजे बाजूच्या जादा रुळावरून, मागे न्यायचं, परत सांधा, परत गाडीवर आणायचं, तेही मुंगीच्या पावलाने. जोडलं की नळ्या जोडा, कॉक उघडा, आणि हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत भरेपर्यंत थांबा. ब्रेकची चाचणी घ्या. शेवटच्या डब्यामागची एलव्हीची, म्हणजे ‘हा शेवटचा डबा’ सांगणारी पाटी आणि दिवा काढून दुसऱ्या टोकाला लावा. हे सगळं भर पावसात, रात्री, बॅटरी दातात धरून. सगळं सुरळीत झालं तर वीस मिनिटं. इंजिनाच्या वाटेत दुसरी गाडी उभी असेल तर चाळीस.

म्हणून रुळांकितराव, माझा एकच प्रश्न. तुमच्या फाट्यावर जी गाडी धावणार आहे तिला वेगळं इंजिन असणार आहे का?

रुळांकित

काका, खरं सांगू? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. चर्चा आहे ती छोट्या गाड्यांचीच. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या, मेमू-डेमूसारख्या. लांब पल्ल्याची गाडी त्या फाट्यावर कोणी मागतही नाही.

सांधेवाला

मग वीस मिनिटं कुठून आली? चालक एका टोकाच्या केबिनमधून उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, किल्ली फिरवतो, ब्रेक तपासतो, सिग्नल मिळाला की निघतो. गाडी लांब असेल तर दोन चालक ठेवतात, मग तेवढं चालणंही वाचतं. पाच-सहा मिनिटं. उतारू चढायला-उतरायला तेवढी लागतातच.

तुम्ही स्टेशन बंद करताय ते वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातल्या अडचणीसाठी.

झुकझुक

काकांनी दुसऱ्याच षटकात यष्टी उडवली.

कडक_सिग्नल

थोडं थांबा. पाच मिनिटं असोत की वीस, शेवटच्या स्टेशनात शिरून परत फिरणारी गाडी घशाचा, म्हणजे फाटा जुळतो तिथपासून स्टेशनपर्यंतचा, तो १.४ किमी दोनदा वापरते. एकेरी रूळ आहे ना? म्हणजे तेवढा वेळ मुख्य मार्गाची गाडी बाहेर उभी. फाटा जोडून मुख्य मार्गाचं वेळापत्रक बिघडवायचं असेल तर मी विरोधात.

आणि स्टेशन हलवणं म्हणजे पाप नव्हे. लंडनमधलं एंजल रोड स्टेशन ३१ मे २०१९ ला बंद झालं आणि ३ जूनला जवळच मेरिडियन वॉटर उघडलं. जुनं स्टेशन मोठ्या रस्त्याच्या कडेला अडचणीत बसलेलं, नवं होतं नव्या वस्तीच्या दारात. कोणी अश्रू ढाळले नाहीत. व्हिएन्नाने तर आख्खं झ्युडबानहोफ स्टेशन डिसेंबर २००९ मध्ये बंद केलं आणि त्या परिसरात आरपार जाणारं मोठं स्टेशन बांधलं. ते डिसेंबर २०१२ मध्ये अंशतः उघडलं. आधी गाड्या येऊन संपायच्या, आता आरपार जातात. तेच करायचंय ना आपल्याला?

पायी_प्रवासी

कडक_सिग्नल, तुमच्या दोन्ही उदाहरणांत नवं स्टेशन लोकांच्या जवळ आहे. रुळांकित यांचं नवं स्टेशन लोकांपासून १.४ किमी लांब जातंय. तुलना कशी होणार?

मी एका अशाच गावात काही वर्षं राहिले. नाव नको. स्टेशन गावाबाहेर गेलं तेव्हा सांगितलं होतं की दर गाडीला बस जोडून देऊ. सुरुवातीला होती. मग गाडीला उशीर झाला की बस निघून जायची. मग दिवसातून चारच फेऱ्या राहिल्या. मग एके दिवशी पाटीवरचा कागदच फाटला आणि नवा कुणी लावला नाही. माझ्या बाबांचा गुडघा दुखायचा. जुन्या स्टेशनवर ते काठी टेकत, मध्ये एकदा बसून, स्वतःचे स्वतः जायचे. नव्या स्टेशनला त्यांना सोडायला कोणीतरी लागायचं, म्हणून त्यांनी जाणंच कमी केलं. रात्रीच्या गाडीने उतरलं की रस्त्याला दिवे पहिल्या वळणापर्यंत, पुढे मोबाइलचा उजेड.

तुमच्या वीस मिनिटांच्या हिशोबात माझे पायी अठरा कुठे धरले आहेत?

मीटरगेज

+१. ताई, नेमकं बोललात.

आपल्याकडे स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागलं की जुनी माणसं समजून जायची, गाव लांब आहे, वाहनाची सोय बघा. कुर्डुवाडीचं नाव एकेकाळी बार्शी रोड होतं. मोठी लाइन बार्शीला गेलीच नव्हती, गाव राहिलं एकवीस मैलांवर. ते अंतर भरून काढायला १८९७ मध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे टाकावी लागली. म्हणजे स्टेशन लांब ठेवल्याची भरपाई म्हणून एक आख्खी रेल्वे कंपनी! तुम्ही उलट दिशेने निघालाय. गावात असलेलं स्टेशन काढून त्याचं ‘रोड’ करताय.

वेळापत्रकी

कडक_सिग्नल यांचा मुद्दा भावनेने सुटणार नाही, आकड्यांनी बघू. रुळांकित, चुकलो तर दुरुस्त करा.

समजा मुख्य मार्गाची तासाला एक गाडी स्टेशनात येऊन संपते आणि परत जाते. फाट्याची तासाला एक गाडी प्रत्येक दिशेला. म्हणजे फाट्याच्या दोन गाड्या स्टेशनात येऊन तोंड फिरवणार. तासाला एकूण तीन.

१.४ किमी सरासरी ३० च्या वेगाने म्हणजे जवळपास तीन मिनिटं. सांधे, सिग्नल यांना एक धरा. आत येताना चार, बाहेर जाताना चार. फाट्याची गाडी उभी राहणार सहा मिनिटं, मुख्य मार्गाची पंधरा, कारण तिला उशीर भरून काढायला जागा हवी.

फलाट एकच असेल तर गाडी उभी असतानाही घसा अडलेला, कारण दुसरी आली तरी जाणार कुठे? फाट्याच्या दोन गाड्यांचे १४ आणि १४, मुख्य मार्गाचे २३. एकूण ५१ मिनिटं. साठापैकी. कागदावर बसतं, पण एका गाडीला दहा मिनिटं उशीर झाला की दिवसभर मार खाल्ला. कडक_सिग्नल बरोबर आहेत.

फलाट दोन असतील तर उभं राहण्याचा वेळ घशाच्या खात्यातून जातो. उरतात तीन गाड्यांचे आठ-आठ, म्हणजे २४ मिनिटं. आरामात.

सगळं गणित त्या दुसऱ्या फलाटावर अडलंय. दुसरा फलाट आहे का?

रुळांकित

होता. फाटा बंद झाल्यावर लूप उखडला, फलाटाची कड तेवढी दिसते. रुळांच्या जागेवर आता दुचाकींचं पार्किंग आहे.

झुकझुक

म्हणजे गाडी लावायला जागा नाही कारण गाड्या लावल्या आहेत.

खडीकाम

उशिरा आलो, माफी. सगळे स्टेशनवर भांडताय, फाट्याकडे कोणी बघेल का?

“भराव आणि बरेचसे पूल जागेवर आहेत” हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. जागेवर असणं आणि उपयोगी असणं यात फार अंतर आहे. तीस वर्षं गाडी न गेलेल्या भरावावर पहिली गोष्ट बघायची ती पाणी. बाजूचे चर मातीने भरलेले असतात. मोऱ्यांची तोंडं झाडोऱ्याने बुजलेली असतात. मोरी बुजली की पाणी भरावाच्या एका अंगाला तुंबतं, आतून माती मऊ होते, आणि वरून बघणाऱ्याला सगळं हिरवंगार सुंदर दिसतं. भरावावर वाढलेलं झाड तोडलं तरी मूळ आत कुजतं आणि पोकळी राहते. जुनी खडी चाळून परत वापरू म्हणणारे भेटतात. चाळा, निम्मी माती निघेल.

कटिंगमध्ये, म्हणजे जमीन खोदून रूळ टाकलेल्या जागी, उलट. तिथे पाणी जातच नाही. आणि फाट्यावरून रस्त्याचा जुना पूल जात असेल तर तो वाफेच्या इंजिनाच्या मापाने बांधलेला. आता विजेची तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर हवी, वर आणखी मोकळी जागा. मग एक तर पूल उचला, नाहीतर रूळ खाली घ्या. रूळ खाली घेतला की कटिंगचं झालं तळं. ही एक निवड पूर्ण प्रकल्पाचा खर्च हलवते, आणि चर्चेत ती कधीच नसते.

रूळ शाबूत राहिले तर काय फरक पडतो ते बघा. इंग्लंडमध्ये ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी गाडी १९७२ मध्ये गेली, पण पुढच्या खाणीतून रेल्वेची खडीच जायची म्हणून मार्ग राहिला. २० नोव्हेंबर २०२१ ला नियमित गाडी परत आली. याउलट स्कॉटलंडचा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला, रूळ उचलले, मध्ये रस्ते आले. तो ६ सप्टेंबर २०१५ ला परत सुरू झाला, तोही ट्वीडबँकपर्यंतच. पुढे मेलरोजमध्ये जुन्या रुळांच्या जागेवरून बाह्यवळण रस्ता जातो. शिवाय खर्च वाचवायला मार्गाचा बराचसा भाग एकेरी ठेवला, आणि काही नवे पूलही एकेरीच बांधले. आता कोणाला दुहेरी करायचा असेल तर ते पूल आडवे येणार.

रुळांकित, फाट्याची जमीन अजून रेल्वेचीच आहे का? आणि किती ठिकाणी रस्ते सपाटीवर ओलांडतात?

रुळांकित

जमीन कागदोपत्री रेल्वेची. रस्ते सहा ठिकाणी ओलांडतात. पैकी दोन पूर्वी नुसत्या पायवाटा होत्या, आता डांबरी आहेत.

खडीकाम

ते सहा म्हणजे सहा पूल किंवा सहा भुयारी मार्ग धरून चाला. नवं समपार फाटक द्यायला आता कोणी सहसा तयार होत नाही. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, ती परत उघडायला कोण जाणार? ‘गावातली फाटकं जातील’ हा तुमचा फायदा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात सहा घालणं आहे.

झुकझुक

अवांतर, पण विषयाला धरून. जपानमध्ये एका मुलीला शाळेत जाता यावं म्हणून रेल्वेने एक स्टेशन चालू ठेवलं होतं, ती पास झाली त्या दिवशी बंद केलं. वाचताना डोळ्यात पाणी आलं होतं.

वेळापत्रकी

ही गोष्ट निम्मी खरी आहे. होक्काइदोमधलं क्यु-शिराताकी, मार्च २०१६. त्याच वेळी शेजारची कामी-शिराताकी आणि शिमो-शिराताकीही बंद झाली. शाळेत जाणारी मुलगी होती, पण फिरणाऱ्या मजकुरात दोन वेगळी स्टेशनं एकत्र मिसळली गेली. स्टेशनं बंद झाली ती उतारू जवळपास संपले म्हणून.

जपानचं खरं कामाचं उदाहरण वेगळंच आहे. हिरोशिमाजवळची काबे लाइन. काबेच्या पुढचा ४६.२ किमीचा भाग १ डिसेंबर २००३ ला बंद केला. ४ मार्च २०१७ ला त्यातला फक्त १.६ किमी परत आला, वीज घालून, दोन स्टेशनांसह. सगळा फाटा जिवंत करायचा हट्ट नाही. काबेजवळची दाट वस्ती गाठली आणि थांबले. आणि काबे स्टेशन बंद केलं नाही. त्यातूनच गाडी पुढे नेली.

मीटरगेज

तुकडाच महत्त्वाचा असतो कधी कधी. हल्दीबाडी ते चिलाहाटी हा भारत-बांगलादेश सीमेवरचा जोड १९६५ च्या युद्धात तुटला, तो १७ डिसेंबर २०२० ला परत सुरू झाला. दोन्हीकडे रेल्वे होतीच, मधला जोड तेवढा गेला होता.

आणि आपली विदर्भातली शकुंतला रेल्वे बघा. मूर्तिजापूरहून एक हात अचलपूरला, एक यवतमाळला, मिळून १९० किमी, अडीच फुटी. १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. तिथे नुसतं जोडून भागत नाही, आधी रूळच रुंद करावे लागतात. ७६२ मिलिमीटरचे १६७६ करायचे म्हणजे वळणं, पूल, फलाट सगळं नव्याने. तेव्हा रुळांकित, तुमचा फाटा ब्रॉडगेजचा असेल तर निम्मी लढाई जिंकलात.

रुळांकित

ब्रॉडगेजच. एवढं तरी नशीब.

कडक_सिग्नल

मी माघार घेतोय असं समजू नका, पण वेळापत्रकींचं गणित मान्य. तरी कॉर्डचा मुद्दा राहतोच. मालगाडी आली तर ती शेवटच्या स्टेशनात नेऊन फिरवणार का?

सांधेवाला

नाही. मालगाडीसाठी कॉर्ड हवीच, पण त्यासाठी स्टेशन बंद करायला कोणी सांगितलं? दौंडला बघा. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला फिरवावं लागायचं. कॉर्ड टाकली, तिच्यावर ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचं छोटं स्टेशन केलं, काही गाड्या तिथून सरळ जातात. मोठं दौंड जागेवर आहे. ज्याला फिरायचंय तो तिकडून, ज्याला घाई आहे तो इकडून.

पायी_प्रवासी

काका, त्यात एक खोच आहे. कॉर्डवर स्टेशन झालं की हळूहळू चांगल्या गाड्या तिकडे जातात आणि जुन्या स्टेशनला उरलेल्या. मग दहा वर्षांनी कोणीतरी आकडे दाखवतं की बघा, इथे उतारूच नाहीत.

वेळापत्रकी

ब्रिटनमध्ये याचा उलटा नमुना आहे. तिथे स्टेशन किंवा मार्ग बंद करायची कायदेशीर पद्धत इतकी किचकट आहे की काही ठिकाणी बंद करण्याऐवजी आठवड्याला एखादी गाडी नावाला सोडत राहतात. त्याला ‘पार्लमेंटरी ट्रेन’ म्हणतात. वेळापत्रकात स्टेशन जिवंत, फलाटावर चिटपाखरू नाही. बंद न करणं म्हणजे चालू ठेवणं नव्हे, हे ताईंचं म्हणणं बरोबर आहे.

खडीकाम

कॉर्डवरच्या स्टेशनबद्दल माझं एक तांत्रिक खुसपट. कॉर्ड म्हणजे वळण. वळणावर फलाट बांधला की डबा आणि फलाट यांच्यात फट पडते. बाहेरच्या अंगाला फलाट असेल तर डब्याची टोकं जवळ आणि मधलं दार लांब, आतल्या अंगाला असेल तर उलट. शिवाय गार्डाला गाडीचं दुसरं टोक दिसत नाही. चढाचाही नियम आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजच्या स्टेशन यार्डात १:४०० पेक्षा तीव्र चढ-उतार चालत नाही, १:१२०० असावा अशी शिफारस आहे. उभे डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून. दोन मार्ग वेगवेगळ्या उंचीवर असतील तर त्यांना जोडणारी छोटी कॉर्ड एवढी सपाट मिळणं म्हणजे लॉटरी.

रुळांकित, फाटा मुख्य मार्गापेक्षा वर आहे की खाली?

रुळांकित

वर. चालत गेलो तर दम लागतो एवढा वर.

खडीकाम

मग ते नवं स्टेशन विसरा.

झुकझुक

कोणीतरी धाग्याचं शीर्षक बदला रे. कुलाबा वाचवा मोर्चा वाटतोय.

मीटरगेज

कुलाब्याला वाचवायला कोणी आलं नाही. १८ डिसेंबर १९३० ला बॉम्बे सेंट्रल उघडलं, ३१ डिसेंबरला कुलाबा टर्मिनस बंद झालं. चर्चगेटच्या पुढचे रूळ उखडले, जमीन विकली. आज तिथे उभं राहून पूर्वी इथे गाडी यायची असं सांगितलं तर ऐकणारा आपल्याकडे संशयाने बघतो. एकदा जमीन गेली की परत जोडण्याचा विषयच संपतो. तुमचं पार्किंग निदान पार्किंग आहे, इमारत नाही.

रुळांकित

काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. चालू रुळाच्या मध्यापासून पार्किंगच्या कुंपणापर्यंत ९ मीटर. कुंपणापलीकडे नाला.

खडीकाम

नवीन कामात दोन रुळांच्या मध्यांत ५.३ मीटर धरतात. उरले ३.७. त्यातून दुसऱ्या रुळाच्या मध्यापासून फलाटाच्या कडेपर्यंत सुमारे १.७ गेले. फलाटाला राहिले दोन मीटर, त्यातच कुंपण आणि दिव्यांचे खांब. दोन मीटरच्या फलाटावर गाडी समोरून आली की माणसं भिंतीला चिकटतील. नाही जमणार. नाल्यावर स्लॅब टाका म्हणाल तर ते काम फाट्याहून जड होईल.

वेळापत्रकी

थांबा. आहे तो फलाट किती लांब आहे?

रुळांकित

लांबलचक. पूर्वी मोठ्या गाड्या यायच्या. आताची गाडी त्याच्या अर्ध्याहून कमी.

वेळापत्रकी

मग दुसरा फलाट शेजारी कशाला शोधताय, तो लांबीत आहे! एकाच फलाटाचे दोन भाग करा. मुख्य मार्गाची गाडी आधी येईल आणि थेट बफरपर्यंत जाईल. ती पंधरा मिनिटं बसणार आहेच. तेवढ्यात फाट्याची गाडी मागून येऊन अलीकडच्या अर्ध्यात थांबेल, सहा मिनिटांत तोंड फिरवून निघेल. मग मुख्य मार्गाची निघेल. फाट्याची दुसरी गाडी नंतर, मोकळ्या फलाटावर. मध्ये एक सिग्नल लागेल आणि व्यापलेल्या फलाटावर दुसरी गाडी घ्यायची परवानगी. परदेशात मोठ्या स्टेशनांवर हे रोज चालतं.

घशाचा हिशोब ५१ वरून ३६-३७ मिनिटांवर येतो. पार्किंगला हात लावायला नको.

सांधेवाला

कल्पना चांगली आहे. पण लक्षात घ्या, मागून आलेली आधी निघाली पाहिजे. फाट्याची गाडी अलीकडच्या अर्ध्यात बिघडली तर बफरजवळची गाडी कोंडली. आमच्या वेळी अशा ठिकाणी रात्रपाळीचा मास्तर देवाचं नाव घेऊनच सिग्नल द्यायचा. आणि आत घेताना वेग अगदी कमी ठेवावा लागेल. समोर उभी गाडी दिसत असते, तुमचं एक मिनिट तिथेच जाईल.

वेळापत्रकी

मान्य. आत येताना चारऐवजी पाच धरतो. तरी बसतं. आणि फाट्याची गाडी फार उशिरा असेल तर तिला जंक्शनवरच थांबवून मुख्य मार्गाची आधी काढायची, एवढा निर्णय तिथल्या माणसाकडे ठेवा.

कडक_सिग्नल

ठीक. विरोध मागे. पण उद्या अर्ध्या तासाला गाडी मागू नका, तेव्हा हे चालणार नाही.

रुळांकित

सगळ्यांचे आभार. शीर्षकातलं ‘बंद करायचं?’ ठेवतो, प्रतिसादांना संदर्भ राहील. माझे सत्तर टक्के कधीच गेले. आता नकाशा असा: जुनं वळण गावाकडे, कॉर्डची जमीन मालगाडीसाठी राखून ठेवायची पण आज बांधायची नाही, फलाटाचे दोन भाग. सहा रस्त्यांचा प्रश्न अजून आ वासून उभा आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

पायी_प्रवासी

एक विचारू? मुख्य मार्गाची गाडी आता रोज बफरच्या टोकाला उभी राहणार. माणसं तिथेच वाट बघणार. तिथे छप्पर आहे का?

रुळांकित

नाही. छप्पर अलीकडच्या अर्ध्यातच संपतं. पुढे दोन बाकं आहेत, त्यातलं एक मोडकं.